‘दिव्यांगस्नेही’ लिहिण्याआधी एकदा जाऊन बघा

महोदय,

आपल्या दैनिकात सांस्कृतिक भवनाच्या नूतनीकरणाची कालची बातमी वाचली आणि ‘दिव्यांगस्नेही वास्तू’ या शब्दांवर संताप आला. फोटोतही सगळे पाहुणे पायऱ्यांवरच उभे आहेत.

गेल्या महिन्यात मी त्याच भवनात धाकट्या भावाला घेऊन गेले होते. पोलिओमुळे तो लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत आहे. चाळीस वर्षं तबला शिकवतो. विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला होता.

रॅम्प आहे, नाही असं नाही. जोतं तीन फूट उंच. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी असा नियम, म्हणजे निदान छत्तीस फूट रॅम्प हवा. तिथला जेमतेम बारा फुटांचा, वर गुळगुळीत फरशी, एका बाजूला कठडाच नाही. दोघांनी मागून रेटून खुर्ची वर नेली.

रंगमंचावर जायला सात पायऱ्या, दुसरी वाटच नाही. भाऊ म्हणत होता, “शाल मला खालीच द्या.” कोणी ऐकलं नाही. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. एकाने हात टेकायच्या दांडीला धरलं होतं. ती दांडी काढता-घालता येणारी. ती निघून त्याच्या हातात आली आणि खुर्ची कलली. भरल्या सभागृहासमोर माझा साठीचा भाऊ एका अनोळखी माणसाच्या गळ्याला लटकत होता, एक चप्पल खाली पडलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना तो एवढंच म्हणाला, “ताई, यापुढे काय असेल ते घरीच करू.”

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वावरता येतील अशा, करायची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच संपली. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, बंधनकारकच हवेत. निकष पाळल्याशिवाय इमारत पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा नाही, असं कायद्यातच आहे. मग नूतनीकरणाचा नकाशा कोणी तपासला? हा प्रश्न बातमीत का नाही?

शिवाय नव्या ध्वनियंत्रणेचंही आपण कौतुक केलंत. माझ्या वहिनीला कानाचं यंत्र आहे. आवाज एवढा घुमत होता की नवऱ्याच्या सत्काराचं एकही भाषण तिला कळलं नाही.

आपल्या प्रतिनिधीने तिथलं दिव्यांगांचं स्वच्छतागृह तरी उघडून बघावं. पाटी नवी आहे, दाराला कुलूप आहे. किल्ली पहारेकऱ्याकडे असते, तो सापडायला आम्हाला वीस मिनिटं लागली, आणि आत झाडू, बादल्या आणि फिनेलचे कॅन रचून ठेवले होते.

आपली,
एक नियमित वाचक