डी ड्राइव्ह ‘गेला’ म्हणून लगेच फॉरमॅट नको

मा. संपादक,

विंडोज १० ला कंपनीचे नियमित अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, तसे आमच्या अंबाजोगाईतही काही जण जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घेऊ लागले. चांगलंच आहे. पण नंतर ‘डी ड्राइव्ह दिसंना’ म्हणून दुकानात गेलं, की उत्तर ठरलेलं: ‘फॉरमॅट मारावं लागंल’, म्हणजे डीमधलं सगळं पुसायचं. आमच्या शेजारच्या डेअरीवाल्यालाही तेच सांगितलं, अन् त्याचे दुधाचे सगळे हिशेब डीमध्ये!

लिनक्स टाकताना सगळी डिस्क पुसली नसेल तर डीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, जागेवरच असतं. फक्त लिनक्समध्ये सी, डी अशी नावं नसतात. पार्टिशन एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडायचं, म्हणजे माउंट करायचं. कायमचं हवं तर ‘एफएसटॅब’ (/etc/fstab) या माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये एक ओळ वाढवायची. त्या ओळीत पार्टिशनचं ‘एसडीए२’ (sda2) असलं नाव नको, दुसरी डिस्क लावली की ते बदलू शकतं. ‘ब्लकआयडी’ (blkid) ही आज्ञा दाखवते तो यूयूआयडी (UUID), म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहावा. तो फॉरमॅट केल्याशिवाय सहसा बदलत नाही. त्याच ओळीत ‘नोफेल’ (nofail) हा पर्याय जरूर लिहा, नाहीतर डिस्क सापडली नाही की संगणक सुरू होतानाच अडून बसतो. रीस्टार्टआधी ‘माउंट -ए’ (mount -a) या आज्ञेने ओळ तपासता येते.

विंडोजही ठेवलं असेल तर त्यातली ‘फास्ट स्टार्टअप’, म्हणजे संगणक लवकर सुरू करायची सोय, बंद करा. ती चालू असली की लिनक्समध्ये फाइली वाचता येतात, पण बऱ्याचदा लिहिता येत नाहीत.

दुकानदारांनी निदान गिऱ्हाइकाला विचारून, डेटाची प्रत काढूनच फॉरमॅटला हात घालावा.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)