आजोबांच्या पेटीतील आयर्न क्रॉस : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या आजोबांच्या पेटीतील आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदक अस्सल आहे की बनावट, हे आपण एका वाक्यात सांगून आम्हांला निरोप देऊ शकला असता. तसे न करता आपण पदक कसे पाहावे हेच आम्हांला शिकवलेत, याबद्दल सर्व कुटुंबाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानतो. हे पत्र मुद्दाम जाहीर लिहीत आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत आणि इटलीत लढून आलेल्या मराठी सैनिकांच्या घरी अशा वस्तू आजही असतील आणि त्यांच्यासमोरही हाच प्रश्न उभा राहत असेल.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. इटलीच्या मोहिमेत एका जर्मन अधिकाऱ्याकडून हे पदक त्यांच्या हाती आले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती हकिकत आपण शांतपणे ऐकून घेतलीत आणि पदकाची तपासणी पूर्ण होईपर्यंत ती बाजूला ठेवायला सांगितलीत. सगळी हयात टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूवर ठसा उठवण्याचे साचे, बनवण्यात गेलेल्या माणसाची ही शिस्त होती, आणि पुढचे सर्व काही त्या शिस्तीमुळेच नीट समजले.

आजोबांच्या पदकासारखा १९३९ चा द्वितीय श्रेणीचा आयर्न क्रॉस तीन भागांचा असतो, हे आपण भिंगाखाली दाखवलेत. मध्ये ठसा उठवलेला, काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या, कडेला डाख देऊन जोडलेल्या रुपेरी चौकटीचे दोन अर्धे भाग. पदक आडवे धरून आपण त्याची कड उजेडाकडे वळवलीत, तेव्हा त्या जोडाची केसासारखी बारीक रेघ प्रथमच आमच्या नजरेस पडली. चौकटीच्या आतल्या अंगाच्या बारीक खाचा एकमेकींपासून सुट्या आणि धारदार होत्या, आणि पाठीमागच्या १८१३ या, आयर्न क्रॉस प्रथम सुरू झाल्याच्या वर्षाच्या, आकड्यांच्या कडाही ठसठशीत होत्या. डायने दाबलेल्या धातूत असा उठाव येतो, ओतलेल्या धातूत तो येत नाही, हे आपण ज्या सहजतेने सांगितलेत, त्यामागे किती वर्षांचे काम होते हे आम्हांला जाणवले.

थोरल्या बंधूंनी जोडी पूर्ण करण्यासाठी एका विक्रेत्याकडून प्रथम श्रेणीचा क्रॉस घेतला होता. तो शेजारी ठेवताच फरक उघड झाला. त्याच्या खाचा एकमेकींत मिसळलेल्या होत्या, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती आणि गाभा व चौकट हे वेगळे भाग नसून एकाच ओतीव तुकड्यावर रंगाने केलेला देखावा होता. व्हर्नियर या सूक्ष्म मापकाने मोजल्यावर तो अस्सल पदकाच्या मापापेक्षा किंचित लहान भरला. अस्सल पदकावरून साचा घेऊन धातू ओतला की निवताना तो आक्रसतो, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा लहान होते, हे आपले स्पष्टीकरण बंधूंनी वहीत उतरवून घेतले आहे.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते झिजेविषयीचे आपले विवेचन. द्वितीय श्रेणीचा क्रॉस प्रदान झाला त्या दिवशी फितीसह लावला जाई आणि त्यानंतर रोजच्या गणवेशावर काजात केवळ त्याची काळी-पांढरी-लाल फीत दिसे, त्यामुळे मूळ पदक बहुधा फारसे झिजत नसे. प्रथम श्रेणीचा क्रॉस मात्र छातीवर पिनेने थेट लावला जाई. बंधूंच्या पदकावर झीज होती, पण ती खोलगट भागात होती आणि उंच कडांवर रंग शाबूत होता. कापडाला घासून असे कधीच होत नाही.

चुंबकाची परीक्षा लोक निर्णायक मानतात, त्याबद्दलही आपण सावध केलेत. बनावट पदकातही लोखंड घालता येते आणि काही अस्सल पदकांचा गाभा लोखंडाचा नसतो. फीत ओवायच्या कडीवरचा ६५ हा आकडा जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन येथील क्लाइन उंड क्वेन्झर या कारखान्याचा असल्याचे कळताच आम्ही हरखलो, तेव्हा आकडा कोणालाही ठोकता येतो, तो बाकीच्या लक्षणांशी जुळला तरच त्याला अर्थ आहे, असे आपण बजावलेत. फितीवर अतिनील दिवा धरून तिच्यात युद्धोत्तर धाग्यांसारखी निळसर चमक येत नाही, हेही आपण दाखवलेत. त्यातही जुनी फीत नव्या पदकाला लावता येते, ही पुस्ती होतीच.

पदक अस्सल ठरल्यावरही आजोबांच्या हकिकतीला आपण शिक्का मारला नाहीत, आणि याबद्दल मी आपला सर्वाधिक ऋणी आहे. या पदकावर सैनिकाचे नाव कोरले जात नसे, त्याची नोंद प्रमाणपत्रात आणि सैनिकाच्या पुस्तिकेत होई. ती कागदपत्रे आमच्याकडे नाहीत आणि नावाशिवाय जर्मन सैनिकांच्या नोंदी असलेल्या बर्लिनच्या अभिलेखागारात चौकशी तरी कोणाची करणार? पदक त्या काळातले आहे, एवढेच सिद्ध झाले आहे. आईला हे ऐकून वाईट वाटेल अशी आम्हांला धास्ती होती, पण आपण तिच्याशी ज्या आदराने बोललात, त्यामुळे तिने ते मोकळेपणाने स्वीकारले. त्या पदकावर स्वस्तिकाचे नाझी चिन्ह आहे, म्हणून ते दिवाणखान्यात मांडू नये, हे तिचेच मत. आजोबा ज्या सैन्याविरुद्ध लढले, त्याची ती खूण आहे.

आपण स्वहस्ते लिहिलेले निरीक्षणांचे टिपण आम्ही पदकासोबत आम्लविरहित कागदात ठेवले आहे. बंधूंचा ओतीव क्रॉस आपण नवशिक्यांना दाखवण्यासाठी नमुना म्हणून मागितला होता. त्यांनी तो आनंदाने देऊ केला असून, पुढच्या भेटीत घेऊन येत आहोत.

आपला कृतज्ञ,
एका मराठा सैनिकाचा नातू