वाटाड्याला प्रशिक्षक होऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मेअखेरीस वळीव पडला की भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, साम्रद परिसरातले सादडे, हिरडे, बेहडे काजव्यांनी लखलखतात आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. काजव्यांची ही उघडमीट म्हणजे नर-मादीने एकमेकांना घातलेली साद. तिच्यावर हेडलाइट आणि मोबाइलचे झोत पडले की साद हरवते, मीलन हुकते आणि पुढच्या पिढीचे काजवे घटतात. पर्यटकांना हे जागेवर समजावून दिवे बंद करायला लावतो तो बहुधा गावातलाच एखादा तरुण. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा तो बिनपगारी राखणदार आहे.

या भागात मी अनेक वर्षे शिक्षिका होते. माझे कित्येक विद्यार्थी आज वाटाड्याचे काम करतात. सांदण दरीत ऊन असतानाही वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी अचानक चढते, हे त्यांना आभाळाकडे बघून कळते. आग्या मोहोळ कुठे आहे, घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, हेही त्यांना ठाऊक असते. तरी बाहेरून आलेल्या गटात त्यांच्या वाट्याला सामान वाहणे आणि स्वयंपाकच येतो, कारण हाती प्रमाणपत्र नाही.

प्रमाणपत्राची वाट आहे. दार्जिलिंगची संस्था 1954 पासून आणि उत्तरकाशीची 1965 पासून गिर्यारोहण शिकवते. सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स, त्यात 'ए' श्रेणी मिळाली तर अ‍ॅडव्हान्स, पुढे शोध-बचाव आणि प्रशिक्षक होण्याचा अभ्यासक्रम. एवढे झाले की शाळांची शिबिरे, साहस संस्था, बचाव पथके अशी कामे खुली होतात. पण रोजंदारीवरच्या घरातला मुलगा महिनाभराची मजुरी बुडवून, फी आणि प्रवासखर्च भरून हिमालयात जाणार कसा? मुलींना तर घरातूनच परवानगी मिळत नाही. हे पोटापाण्याचे काम आहे यावर पालकांचा विश्वास नाही, आणि आजच्या मिळकतीकडे पाहता त्यांना दोष देता येत नाही.

शिवाय तिथला भर बर्फावर आहे. आपल्याकडे काळा कातळ, धुके, ओढ्यांचे लोंढे आणि उन्हाचा तडाखा. म्हणून सह्याद्रीतच, मराठीतून शिकवणारा अभ्यासक्रम हवा. दोर बांधणे, प्रथमोपचार आणि बचाव यांच्या जोडीला झाडे, प्राणी, पाणवठे आणि कचऱ्याची व्यवस्था त्यात असावी. जंगल न ओळखणारा माणूस शंभर मुलांना डोंगरावर नेतो, तेव्हा मुलेही धोक्यात येतात आणि जंगलही.

राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. त्याला धरून दोन गोष्टी करता येतील. आदिवासी विकास विभागाने या मुला-मुलींची फी आणि बुडालेली मजुरी भरून द्यावी. आणि अभयारण्यात येणाऱ्या प्रत्येक गटासोबत प्रशिक्षित स्थानिक प्रशिक्षक बंधनकारक करून त्याचे मानधन प्रवेशशुल्कातून द्यावे. पुढच्या काजवा हंगामाआधी पहिली तुकडी तयार व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, अकोले