आंबेमोहोर पातीला बी नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गच्चीवरच्या बागेबद्दल आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. रोझमेरी, थाईम, बेसिल या मंडळींच्या गर्दीत भाताला वास आणणाऱ्या आंबेमोहोर पातीला एक चौकट मिळाली, म्हणून आधी बरं वाटलं. मग चौकट वाचली. बी पेरा, दिवसभर कडक उन्हात ठेवा, पानं वाळवून पूड करून बरणीत भरा, असे तीन सल्ले त्यात आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत. मी देवरुखला घरगुती खानावळ चालवते. आमच्याकडे रोजचा भात हीच पात घालून शिजतो, म्हणून हे लिहायला बसले. पत्र लांबेल, छापताना कापा, पण बियांचा भाग कापू नका.

या झाडाला बी धरत नाही. आपल्याकडे फूलच येत नाही, तर बी कुठलं? आमच्याकडून डबा नेणारे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते सांगतात की याचं फूल जगात फार क्वचित दिसलंय, तेसुद्धा नर. मादी फुलाची नोंदच नाही. हे केवड्याच्या कुळातलं, मूळचं आग्नेय आशियाकडचं झाड. भारतात काम केलेल्या रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं केलेलं त्याचं वर्णन 1832 साली छापून आलं, म्हणजे आपल्या देशातल्या जाणकारांना ते काही नवीन नाही. पण एवढ्या काळात ते जिथे कुठे पोचलं, ते कुणीतरी बुंध्याचा फुटवा काढून दिला म्हणूनच.

हे मी एवढं ताणून सांगते त्याला कारण आहे. शेजारच्या मुलीनं मोबाइलवरून 'बासमती पानाचं बी' मागवलं होतं. पाकिटावर हिरव्यागार पात्यांचा फोटो आणि आत बारीक काळे दाणे. मी पाण्यात चार दाणे टाकून पाहिले, तर थोड्या वेळात भोवती पांढरा बुळबुळीत थर चढला. सब्जा! तिनं तरी हौसेनं पेरलं आणि सब्जाच उगवला. फालुद्याला उपयोग झाला म्हणून ती हसली, पण पैसे गेले ते गेलेच. तुमची चौकट वाचून आता आणखी किती जण ती पाकिटं मागवतील, याची मला काळजी वाटते.

नर्सरीतही सांभाळून घ्यावं लागतं. कोणी याला बासमतीचं पान म्हणतं, कोणी अन्नपूर्णा, कोणी रंपा. या नावांखाली कडेला पांढरे पट्टे असलेला शोभेचा केवडा गळ्यात मारलेला मी पाहिला आहे. खरी पात ओळखायची ती अशी. पान लांब, अरुंद, एकरंगी हिरवं, वर मधोमध पन्हळ आणि खाली उठलेली शीर. केवड्यासारखे कडेला काटे नाहीत, टोकाकडे बोट उलटं फिरवलं तर बारीकशी खरखर लागते, तेवढीच. झाडावरच्या पानाला नाक लावून काही कळत नाही, तिथेच पुष्कळ जण फसतात. एक जून पान मागून घ्यावं, चुरगळून खिशात ठेवावं आणि बाजार उरकून मग हुंगावं. गरम भाताचा वास आला तर रोप घ्यावं. पण विकत घेण्याआधी आळीत विचारा. ज्यांच्याकडे एक बेट आहे त्यांच्याकडे दहा फुटवे असतात आणि ते देऊन टाकायला माणूसच शोधत असतात.

फुटवा वीतभर झाला आणि त्याला खाली पांढरी मुळं दिसली, की धारदार सुरीनं आईपासून वेगळा करायचा. आमच्याकडे मृगाचे दोन पाऊस झाले की लावतात. जांभ्याची माती, शेण आणि पाचोळा एवढं त्याला पुरे. जागा मात्र नारळी-पोफळीखालची, नाहीतर केळीच्या आडोशाची हवी. सकाळचं कोवळं ऊन चालतं. चैत्र-वैशाखात दिवसभर उन्हात ठेवाल तर पात पिवळी पडते, टोकं करपतात आणि झाड बसून राहतं. ओल आवडते, म्हणून आम्ही ते मोरीच्या पाटाकडेला लावतो. तांदूळ धुतलेलं पाणी त्यालाच जातं, साबणाचं मात्र दुसरीकडे वळवलंय. कुंडीत लावणाऱ्यांनी खालचं भोक बुजू देऊ नये, पाणी साचून राहिलं तर बुंधा कुजतो. घाटावरच्यांसाठी एक सांगते. या झाडाला थंडी सोसत नाही. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात कुंडी घरात, खिडकीपाशी घ्यावी लागेल. देवरुखची थंडी ती केवढी, तरी पौषात त्याची वाढ थांबलेली दिसते.

लावल्यावर चार-सहा महिने पात तोडायची नाही. पुढेही नेहमी खालचं, जून पान काढायचं, मधल्या कोंबाला हात लावायचा नाही. आमच्याकडे कोणी पाहुणी आली की हटकून मधलं कोवळं, पोपटी पान उपटते, दिसायला छान असतं ना. त्याला वासही कमी, आणि झाडाचं नुकसान ते वेगळंच.

आता पुडीबद्दल. या पातीला जो वास येतो तोच द्रव्यरूपानं बासमतीत आणि आपल्या मुळशी-मावळच्या आंबेमोहोर तांदळात असतो. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 1980 नंतरच्या दोन-तीन वर्षांत शिजलेल्या भातात तो शोधला आणि मग याच पानातही तो सापडला. नाव भलतंच लांब आहे, 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलिन. सुवासिक तांदळात असतो त्याच्या सुमारे दहापट आणि साध्या तांदळाच्या शंभरपट तो पानात निघाला. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही यावर काम झालं आहे. मोहाच्या फुलांतही हाच वास आहे, हे प्राध्यापकांकडून ऐकल्यावर आमच्या कामवाल्या मावशी म्हणाल्या, "मग मला का नाही विचारलं?" हे द्रव्य उडून जाणारं आहे. पान तोडून फळीवर चार-सहा तास मरगळू दिलं तर वास खुलतो, हे खरं. पण उन्हात कुरकुरीत वाळवून दळलं तर हातात राहतो तो हिरवट गवताचा भुगा. साठवायचीच असेल तर पात धुवून, कोरडी पुसून, पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. महिना-दोन महिने छान राहते. शहरात हिरव्या रंगाच्या बाटलीत याचा अर्क मिळतो म्हणे, केकसाठी. भातात तो घालू नका, भात हिरवा होईल.

भाताचं सांगते, कारण चौकटीत 'भातात पान टाका' एवढ्यावरच काम आटोपलंय. आम्ही रत्नागिरी-24 हा तांदूळ वापरतो, शिरगावच्या भात संशोधन केंद्राचा. दाणा बारीक, भात मोकळा, पण वास असा नाही. खरा आंबेमोहोर खानावळीच्या दराला परवडत नाही. घरच्या दोन वाट्या तांदळाला हातभर लांबीचं अर्धं पान पुरतं. मधली शीर दोन-तीन ठिकाणी चुरगळायची आणि पानाची सैल गाठ मारायची. गाठीमुळे पान फाटत नाही आणि नंतर काढता येतं, कारण ते खायचं नसतं, नुसता चोथा. आधणाला उकळी आली की गाठ टाकायची, मग तांदूळ वैरायचे आणि झाकण ठेवायचं. झाकणाशिवाय केलात तर वास स्वयंपाकघरभर आणि भात कोराच. कुकरमध्ये गाठ तांदळाच्या वर ठेवायची.

भात वेळून करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आधणात पान घातलंत तर निम्मा वास पेजेबरोबर निघून जातो. आजारी माणसाला ती पेज मीठ घालून द्यावी, फार चांगली लागते. पण वास भाताला हवा असेल तर पेज ओतून टाकल्यावर, भात निखाऱ्यावर किंवा मंद आचेवर मुरायला ठेवतो त्या वेळी गाठ मधोमध खुपसायची. दहा मिनिटांत काम होतं. उकड्या तांदळाला हे पान लावू नये. त्याचा स्वतःचा वास इतका दमदार असतो की पान फुकट जातं. आणि खरं तेही सांगते, पानानं वास येतो, आंबेमोहोराचा मऊपणा येत नाही. जेवणारे विचारतात, "वहिनी, आज तांदूळ कुठला?" मी टोपातलं पान काढून दाखवते. साध्या भाताला आंबेमोहोर म्हणून वाढणं मला जमत नाही.

मोदकांना मात्र हे पान लाख मोलाचं. उकडीसाठी आंबेमोहोराची पिठी हवी असा आग्रह असतो, तो चिकटपणासाठी आणि वासासाठी. चिकटपणाचं तुम्ही तुमचं पाहा, जुना तांदूळ टाळा. पण वासासाठी उकडीच्या पाण्यातच गाठ टाका. पाणी, मीठ, चमचाभर लोणी आणि पान, चांगलं खळखळू द्यायचं, मग पान काढायचं आणि पिठी घालून घाटायचं. मोदकपात्रात त्याच दिवशी हळदीचं पान पसरलंत तर सगळी मेहनत वाया. हळदीपुढे हे पान टिकत नाही, दोन्हीतलं एक निवडा. हळदीचं पान पातोळ्यांना ठेवा.

शिरवाळ्यांच्या, म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवयांच्या, रसात ते मला सगळ्यात आवडतं. इथे एक काळजी घ्यायची. नारळाचा रस उकळला की फाटतो, म्हणून पान रसात उकळायचं नाही. गूळ थोड्या पाण्यात विरघळवायचा, त्यात गाठ टाकून पाच मिनिटं उकळायचं, गाळून निववायचं आणि मग नारळाचा दाट रस मिसळायचा. वेलची घालायची गरज नाही. आमच्या घरी सासूबाईंचा यावर आक्षेप आहे, त्या लपून वेलची घालतात.

तिखटाकडे आपण हे पान नेत नाही, पण नेता येतं. आमच्याकडे जेवणारा एक मुलगा आखातात श्रीलंकेच्या माणसांबरोबर खोलीत राहून आला. ती माणसं फोडणीत कढीपत्त्याबरोबर या पानाचे बोटभर तुकडे टाकतात, असं त्यानं सांगितलं. मसुराच्या आमटीत मी तसं केलं, शेवटी नारळाचा रस घालून. आमटी चाटूनपुसून संपली. थायलंडमध्ये कोंबडीचे तुकडे या पानात गुंडाळून तळतात, तेवढा उद्योग खानावळीत होत नाही. माशाच्या कालवणात मात्र घालू नका. तिथे तिरफळ आणि कोकम आपलं काम करतात, हा गोडूस वास मध्येच लुडबुडतो.

लेख लिहिणाऱ्या बाईंवर माझा राग नाही. परदेशी रोपांची माहिती त्यांनी नीट दिली आहे. थाईमला ऊन लागतं, ते वाळवून ठेवता येतं आणि बियांपासून होतं, हे मला त्यांच्याच लेखातून कळलं. तेच नियम त्यांनी या झाडालाही लावले, एवढंच. दोघांच्या गावचा पाऊस पाहिला असता तर तसं झालं नसतं.

मृग जवळ आला आहे, लोक आता रोपांच्या शोधात निघतील. त्याआधी 'बी पेरा' काढून 'फुटवा लावा' अशी दुरुस्ती आपल्या अंकात छापावी, ही विनंती. देवरुखच्या आसपास कोणाला फुटवे हवे असतील तर आमच्या पाटाकडेला भरपूर झाले आहेत. दुपारी तीननंतर यावं, त्याआधी मी चुलीपाशी असते. येताना ओल्या फडक्याची पिशवी आणावी, मुळं उघडी राहिली तर रोप धरत नाही.

कळावे,
आपली,
एक खानावळवाली, देवरुख (जि. रत्नागिरी)