बाबा, शनिवारी रात्री अर्धा तास द्या

भांडुप, मुंबई

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का', 'गाडीला गर्दी होती का' आणि 'बरं, ठेवते' एवढ्यात संपतं, म्हणून पत्र लिहितेय. विषय किरकोळच आहे. पण आईच्या मनात तो किरकोळ राहिलेला नाही, हे मावशीकडून कळलं. "रात्री दहानंतर कानाला हेडफोन लावून ती कुणाशी एवढी हसते?" असं तू तिला विचारलंस म्हणे. आई, मलाच विचारायचंस की!

तर उत्तर असं की मी शेती करते.

बाबा, आधी हसून घ्या. तासगावची द्राक्षबाग सोडून मुंबईला नोकरीला आलेली तुमची लेक इथे कॉम्प्युटरवर वाफे पाडतेय. गेमचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन नावाच्या माणसाने तो एकट्याने केला. चित्रं, संगीत, गोष्ट, प्रोग्रॅमिंग, सगळं त्याचं. चारेक वर्षं तो त्यात गाडलेला होता आणि त्या काळात एका थिएटरात लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवायचं कामही करायचा. 2016 साली गेम बाजारात आला आणि तुफान चालला. आजोबांची पडीक जमीन नातवाकडे किंवा नातीकडे येते, तिथून गोष्ट सुरू होते. पुढे तण काढा, पेरा, पाणी घाला.

तुम्हाला यातला कुठला भाग सगळ्यात आवडेल ते मला ठाऊक आहे. शेताच्या कडेला एक लाकडी पेटी असते. माल तिच्यात टाकायचा आणि झोपायचं. सकाळी पैसे जमा! अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, 'आज मार्केट पडलंय' नाही. भाव ठरलेला. डावणी, भुरी असले वेलीचे रोग नाहीत, ऐन माल भरताना अवकाळी नाही. पाऊस पडला तर उलट फायदाच, त्या दिवशी पाणी घालायचं वाचतं. मात्र ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, आणि तो बदलला की शेतात उभं असलेलं बहुतेक पीक एका रात्रीत वाळून जातं. द्राक्षं शरदात लावायची, मांडवावर. दहा दिवसांत पहिला तोडा, मग दर तीन दिवसांनी. ना खरड छाटणी, ना फळ छाटणी. तुमची मान हलतेय ती मला इथून दिसतेय.

आता हसण्याचं कारण. ही शेती एकटीची नाही, आम्ही आठ जणांनी वाट्याने घेतली आहे. नाशिकचे एक शाळामास्तर आहेत, अकोल्याची औषधाच्या दुकानातली मुलगी आहे, गोरेगावची एक बाई आहे जिचं बाळ दहाला झोपतं, आणि डोंबिवलीचा एक मुलगा, जो शेतात कधीच नसतो, सदा नदीवर गळ टाकून बसलेला. या गेममधला दिवस आपल्या घड्याळाने साधारण चौदा मिनिटांचा. आणि नियम असा की सगळे जण अंथरुणात शिरल्याशिवाय दुसरा दिवस उजाडत नाही. सात जण झोपून डोंबिवलीकराची वाट बघतायत आणि तो म्हणतोय, "एक मासा, एकच!" गेममधल्या रात्री दोनपर्यंत घरी आला नाही तर तो चक्कर येऊन पडतो आणि त्याचे थोडे पैसेही जातात. आम्हाला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

त्या वाट बघण्यातून आमचे प्रश्न सुरू झाले. पडल्या पडल्या कुणीतरी एक विचारायचं, गूगल करायचं नाही, डोंबिवली झोपायच्या आत उत्तर द्यायचं. सुरुवातीला सगळे गेमचेच प्रश्न होते. मारिओ बनवणारी निन्टेन्डो कंपनी 1889 मध्ये जपानच्या क्योतो शहरात निघाली, तेव्हा ती काय बनवायची? हाताने रंगवलेले पत्ते. म्हणजे बाबा, गणपतीत तुमचा रमीचा डाव बसतो तोच धंदा! (मी बरोबर सांगितलं. तो माझा सगळ्यात चांगला शनिवार होता.) मारिओच्या पहिल्या प्रसिद्ध गेममध्ये ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा, कारण कॅसेटमध्ये जागाच तेवढी होती. आणि 1978 चा तो परग्रहवाल्यांना मारायचा जपानी गेम, 'स्पेस इनव्हेडर्स', त्यात शेवटी उरलेले शत्रू जोरात का पळतात? मी म्हटलं, मुद्दाम अवघड केलं असणार. तसं नव्हतं. शत्रू कमी झाले की बिचाऱ्या मशीनला चित्रं कमी काढावी लागायची, म्हणून सगळं आपोआप भराभर पळायला लागलं. बनवणाऱ्याने ते तसंच ठेवलं.

दादाच्या टीव्ही गेमची कॅसेट चालेनाशी झाली की आपण तिच्यात फुंकर मारायचो, आठवतं? आई, तू तर पदराने पुसून द्यायचीस. तो प्रश्नही झाला. फुंकरीचा काहीच उपयोग नसतो. कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकतात, म्हणून चालते. उलट तोंडाच्या वाफेने पिना गंजतात. निन्टेन्डोनेच फुंकू नका असं बजावलं होतं. म्हणजे पदराचा मान अबाधित आहे.

मग गाडी कुठेही जायला लागली. मुंबईकरांना वाटतं लोकलचं त्यांना सगळं येतं. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, हे आठही जण झोपेतही सांगतील. विजेवरची पहिली गाडी कधी आणि कुठून कुठे, म्हटल्यावर मात्र गोरेगाव, डोंबिवली आणि मी, तिघंही गप्प. 3 फेब्रुवारी 1925, व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरून. आणि हे सांगितलं कुणी? नाशिकच्या मास्तरांनी. रोज लटकून आम्ही जायचं आणि माहिती यांच्याकडे.

आई, अनोळखी माणसांशी काय बोलायचं, ही तुझी शंका खरी आहे, म्हणून सांगते. आमच्यात कुणी कुणाचा पगार विचारत नाही, फोटो मागत नाही, लग्नाचं काय म्हणत नाही. (हे शेवटचं तुला उद्देशून नाही. थोडंसं आहे.) एक जण नवा आला होता, हरला की शिव्या द्यायचा. ग्रुप सांभाळते ती अकोल्याची. तिने एकदा समजावलं, दुसऱ्यांदा त्याचा माईक बंद केला, तिसरी वेळ आलीच नाही. आणि बाबा, पैसे लावायचा प्रकार यात नाही. गेम एकदा विकत घेतला, संपलं. आपल्या आळीतल्या त्या मुलाचं रमीच्या ॲपवर जे झालं त्याची भीती तुम्हाला आहे, ती मी समजू शकते. पण ते पैसे लावून खेळायचे गेम होते, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. आमच्याकडे कुणी हरलं तर त्याला पुढच्या दिवशी सगळ्यांच्या कोंबड्यांची अंडी गोळा करावी लागतात.

आता मूळ मुद्दा. मागे मी तुम्हाला मेसेज करून विचारलं होतं, किती द्राक्षांचा किती बेदाणा होतो? कशाला हवंय ते सांगितलं नव्हतं. गेममध्ये द्राक्षं वाळवायचं एक यंत्र आहे, पाच टाकली की सकाळी बेदाण्याचा एक नग. मास्तर म्हणाले, हे काहीतरीच. पैज लागली. तुमचं उत्तर आलं, "साधारण चार किलोला एक, मालाच्या गोडीवर." आणि त्यामागून आणखी तीन मेसेज, वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण, शेडमध्ये वारा कसा खेळता हवा. मी सगळे वाचून दाखवले. अकोल्याची उठूनच बसली. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो या द्रावणाने मोडतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं, हे तिने आम्हाला समजावलं. एका रात्रीत बेदाणा होतो यावर मग सगळेच हसले. त्या दिवशी डोंबिवलीकर आधी झोपला होता आणि आम्हीच जागे होतो. तेव्हापासून दर शनिवारी कुणीतरी विचारतंच, "द्राक्षवाले काका काय म्हणतात?"

म्हणून म्हणते, काकांनी स्वतःच यावं. शेती करायची नाही, फक्त बोलायचं. बागेतली कामं आटपून तुम्ही साडेनऊला आडवे होता हे माहीत आहे, पण महिन्यातून एखादा शनिवार चालेल. लिंक मी व्हॉट्सॲपवर पाठवेन, तिच्यावर बोट ठेवायचं. माईकच्या चित्रावर रेघ दिसली तर तुमचा आवाज आम्हाला येत नाही असं समजायचं, पुन्हा एकदा दाबायचं. घरात रेंज जाते, तेव्हा ओट्यावर बसा. आईलाही बसवा. कवड्यांचं दान कसं मोजतात हे आमच्यातल्या एकालाही धड येत नाही, आणि ती समजावून सांगायला लागली की डोंबिवलीकर मासे सोडेल.

तुमचा पहिला प्रश्न मी काढून ठेवलाय: तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण कुठे निघालं? सगळे कुठल्यातरी कृषी विद्यापीठाचं नाव घेतील, बघा. त्यांना पाच मिनिटं भांडू द्या, मग सांगा की बोरगावच्या वसंतराव आर्वेंच्या बागेत, थॉमसन जातीच्या वेलीतून निवडून. लगेच सांगू नका. तुम्हाला घाई होते.

दादाला म्हणावं, कॅसेट टाकून दिली नसेल तर फोटो पाठव.

तुमची,
लेक