पडलेल्या झाडांचा ओढा

पोर्टलंड, अमेरिका, २२ जून

प्रिय संज्या,

पाऊस लागला, घरामागच्या पऱ्याला पाणी आलं, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि जीव हरखला. इथल्या एका ओढ्याबद्दल तुला कधीचं लिहायचं होतं, ते आज लिहायला घेतलंच.

माउंट हूड पर्वताकडे जाणाऱ्या हायवे २६ वर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रीघ लागते. सगळ्यांना वर बर्फापाशी पोचायचं असतं. वाटेत जुन्या हायवेचा उरलेला एक तुकडा फाट्यासारखा आत जातो. तो संपतो तिथून लिटल झिगझॅग नावाच्या या ओढ्याच्या काठाने पायवाट निघते आणि जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर धबधब्यापाशी थांबते. एवढ्याशा वाटेसाठी गाडी कोण वळवणार? त्यामुळे बहुतेक वेळा तिथे आपण आणि पाणी. जवळच लॉरेल हिलचा उतार आहे. १८४६ साली बार्लो रोड हा गाडीरस्ता झाल्यावर पश्चिमेकडे निघालेली कुटुंबं तिथे आपल्या लाकडी गाड्या झाडांना दोर बांधून खाली सोडत. आजही तो उतार बघून पोटात गोळा येतो.

पण तुला दाखवायचीत ती पडलेली झाडं. डग्लस फर, हेमलॉक, सिडर, दोघांच्या कवेत न मावणारे बुंधे ओढ्यात आडवेतिडवे पडलेत. एका कुजक्या खोडावर बोटभर उंचीची हेमलॉकची रोपं ओळीने उगवली होती. मी गुडघे टेकून बघितलं. शेवाळ इतकं जाड की बोट पेरभर आत जातं, आणि आतलं लाकूड ओल्या भाकरीसारखं मऊ.

पूर्वी इथे असे ओंडके ओढ्यांतून काढून टाकत. माशांची वाट अडते, असा समज होता. मग ध्यानात आलं, की ओंडक्यांमागेच डोह होतात, खडी अडते, सामन माशांच्या पिल्लांना आडोसा मिळतो. आता याच सँडी नदीच्या खोऱ्यात, स्टिल क्रीकसारख्या ओढ्यांत, यंत्रं लावून मुद्दाम ओंडके टाकलेत. सँडीवरचं मार्मट धरणही २००७ मध्ये काढलं. माणसं आपलं मत बदलतात आणि नदीला तिचं तिला परत देतात, याचा मला फार आधार वाटतो.

आणि डिपर! राखाडी, गुटगुटीत पक्षी. दगडावर सारखा उठाबशा काढतो, पापणी मिटली की पांढरं चमकतं. मग सरळ बर्फाच्या त्या पाण्यात शिरतो आणि तळाशी किडे वेचतो. तो बाहेर येईपर्यंत मी जागचा हललो नाही.

पुढच्या जूनमध्ये येच. तेव्हा ऱ्होडोडेंड्रॉन गुलाबी फुललेलं असतं. धबधब्याजवळ भर दुपारीही गारठा असतो, तेव्हा स्वेटर आण. काकूंना माझा नमस्कार सांग. आणि पऱ्याला खेकडे दिसायला लागले का, ते कळव.

तुझा,
विन्या