निगडीच्या मामांना, 1210 वाल्याकडून

मामा, सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ऑईल बघितलं का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नातू वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मामा म्हणजे ट्रकची नस ओळखणारा माणूस, ट्रान्सपोर्ट नगरीत त्यांची शेड आहे. मी नोकरदार माणूस, घरात कुणी कधी ट्रक चालवलेला नाही, आणि केवळ हौसेपोटी मी 1974 चा नाकवाला (इंजिन पुढे बॉनेटखाली असलेला) ट्रक, टाटा 1210, घेतली. भाव भंगारवाल्याच्या हिशेबाने, किलोवर ठरत होता. तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत आणि मालकाला म्हणालात, "आधी हौद्यातली माती उतरवू, मग वजन करू." तिथेच भाव उतरला. घरून मात्र ताकीद होती की हा पांढरा हत्ती सोसायटीत आणायचा नाही. तो आला ट्रान्सपोर्ट नगरीत, तुमच्या शेडच्या कडेला. भाड्याचं विचारलं तर म्हणालात, "चालू तर होऊ दे."

खरे आभार इंजिनाबद्दल आहेत. स्टार्ट केली की पांढरा धूर आणि लंगडा आवाज. ज्याने त्याने एकच सल्ला दिला: हे इंजिन काढा, दुसरं टाका. माझंही मन तिकडेच झुकलं होतं, कारण ते सोपं होतं. तुम्ही ऑईल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर तळहात धरलात आणि आतून येणारी फुंकर जोखलीत. जोर फारसा नव्हता, म्हणजे लायनर-रिंग (सिलिंडरचं अस्तर आणि पिस्टनवरच्या कड्या) अजून दमात होत्या. मग सतराचा पान्हा माझ्या हातात दिलात आणि आटोमायझरवर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावर) येणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायला लावलेत. पहिला सैल केला, डिझेल फसफसून बाहेर आलं आणि इंजिन आणखी लंगडलं. तो घट्ट करून दुसरा, मग तिसरा, दर वेळी तेच. चौथ्याला आवाजात काडीचाही फरक पडला नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलंत. तो सिलिंडर कामच करत नव्हता. आटोमायझरच्या तोंडाशी असलेल्या नोझलची सुई अडकली होती. नवीन नोझल, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे एक चक्कर, परत बसवून पाइपांतली एअर काढली आणि सहाच्या सहा सिलिंडर बोलायला लागले.

हे इंजिन म्हणजे 692: सहा सिलिंडर, 92 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), पावणेपाच लिटरच्या जरा वर. ते बदललं असतं तर माझ्याकडे जुन्या ट्रकचा नुसता पत्रा उरला असता. तुम्हाला ते कळत होतं, मला नव्हतं.

दुसरी गोष्ट टायरची. 900-20 चे टायर, आत ट्यूब आणि तिच्याखालची रबरी पट्टी म्हणजे फ्लॅप, आणि सगळं धरून ठेवणारी ती लोखंडी रिंग. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती सुटून उडते आणि समोरच्याचा जीव घेते. तुम्ही चाकाला साखळी गुंडाळल्याशिवाय हवेची नळी कुणाला हातात धरू देत नाही आणि समोर कुणाला उभंही राहू देत नाही. "मामा घाबरतात" म्हणून हसलेल्या पोराला तुम्ही दिवसभर ग्रीस गन घेऊन गाडीखाली पाठवलंत. छान केलंत.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. 2021 च्या व्हिंटेजच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाड्या येतात, पण फक्त खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी. ट्रक मालवाहू, म्हणून त्याच्या म्हातारपणाला किंमत नाही, आणि पासिंग मात्र दर वर्षी. कुणाला काय जपावंसं वाटेल ते कायदा करणाऱ्यांना कसं कळणार! चासी नंबर तर गंजाखाली दिसतच नव्हता. तुम्ही डिझेलच्या बोळ्याने पट्टी पुसून, कागद लावून, पेन्सिलीने हलके हलके घासत एकेक आकडा वर काढलात. त्या कागदाची एक प्रत मी स्वतःसाठी ठेवली आहे.

बघायला येणारे हमखास विचारतात, "मर्सिडीज ना?" टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी करार 1954 ला झाला आणि 1969 ला संपला, त्यामुळे आपल्या गाडीच्या नाकावर तो तारा नाही. तुमचं उत्तर ठरलेलं: "आजोळ जर्मनीचं, जन्म जमशेदपूरचा." पुण्याच्या टेल्कोतून ट्रक निघायला लागले 1977 ला, म्हणून ती पुणेकर नाही, हेही तुम्ही न चुकता ऐकवता. अस्सल पुणेकरासारखं!

लाकूडकामाला टिंबर मार्केटमध्ये माझ्याबरोबर आलात, जुन्या बाजारातून दिव्यांच्या रिंगा शोधून दिल्यात, त्याबद्दल वेगळे आभार. फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचा पेंटरचा हट्टही तुम्हीच मोडलात. 2015 पासून महाराष्ट्रात त्याला बंदी आहे हे मला माहीतच नव्हतं. तिथे आता काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. फक्त 'मामांची कृपा' नको म्हणू नका, कारण पेंटरने आखून ठेवलंय.

आणि एक काम आहे. पासिंग झालं की गाडी जुन्या रस्त्याने लोणावळ्यापर्यंत न्यायची आहे. डबल क्लच, म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणं, मला अजून नीट जमत नाही. स्टिअरिंगवर तुम्ही बसा, किन्नर (ट्रकवरचा क्लीनर) मी.

आपला,
1210 वाला